पावसाळा आणि बुटांचा एकच जोड: भरती अकॅडमीतल्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. गावाबाहेर पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करून घेणारी एक निवासी अकॅडमी आहे. माजी सैनिक असलेले एक सर ती चालवतात. मुलांचा ताप, मुरगळलेले घोटे, नडगीचं दुखणं हे सगळं माझ्याकडे येतं. हे प्रकरण तिथलंच. मुलाच्या संमतीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला इथे ओंकार म्हणू.

ओंकार विशीतला, धावण्यात तुकडीतल्या पहिल्या चार-पाचांत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक द्यावी लागते. त्या हिशोबाने अकॅडमीचा दिवस आखलेला असतो: पहाटे रस्त्यावर लांब पल्ला, संध्याकाळी मैदानात स्टार्ट, उड्या आणि गोळा. पाऊस आहे म्हणून यातलं काही थांबत नाही, आणि थांबवून चालतही नाही. २०२४ साली पोलीस भरतीची मैदानी चाचणी १९ जूनला सुरू झाली आणि पावसामुळे बऱ्याच ठिकाणी उमेदवारांना पुढच्या तारखा द्याव्या लागल्या. त्यामुळे ओल्या मैदानावर धावायची सवय हवीच, असं सरांचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे.

मुलं राहतात तो हॉल पत्र्याचा. दोन मजली लोखंडी खाटा, खालच्या खाटेखाली ट्रंक आणि बूट. जुलैत खिडक्या उघड्या ठेवल्या की पाणी आत येतं, म्हणून त्या बंद. ओंकारकडे धावण्याच्या बुटांचा एकच जोड होता. वडिलांनी उसाचं बिल आल्यावर घेऊन दिलेला, चांगला, महागातला. पहाटे तोच, संध्याकाळी तोच.

अडचण काय होती

वास. बूट काढले की अर्ध्या हॉलला कळायचं. आंबट, कुजकट, नाकात बसून राहणारा. आधी थट्टा झाली, मग तक्रारी. बूट व्हरांड्यात ठेवायला लावले. तिथे पागोळ्यांचं पाणी उडून ते आणखी भिजले. मग कुणीतरी त्याची खाटच दाराजवळ सरकवली.

मला गंभीर वाटली ती पुढची गोष्ट. ओंकारने चारचौघांत बूट काढणंच बंद केलं. रात्री मोजे घालून झोपायचा. जेवायला बसताना पंगतीच्या टोकाला बसायचा. "घरी जातो, तिथूनच तयारी करतो," असं तो सरांना म्हणाला, तेव्हा सरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. चांगला धावणारा मुलगा बुटांच्या वासापायी तयारी सोडायला निघाला होता. आपल्याकडे वास म्हणजे अस्वच्छता आणि अस्वच्छता म्हणजे वळण नाही, असा सरळ निकाल लावला जातो. या मुलाने माझ्यासमोर बसल्यावर पहिलं वाक्य तेच उच्चारलं: "डॉक्टर, पाय मी रोज दोनदा धुतो."

त्याचं खरं होतं.

आधी काय काय करून झालं होतं

माझ्याकडे येण्याआधी हॉलमध्ये जमेल ते सगळं झालं होतं.

अंगावर मारायचा स्प्रे बुटात मारला. तासभर दोन्ही वास एकत्र आले, मग जुनाच राहिला.

डांबर गोळ्या ठेवल्या. हा उपाय घरोघरी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. डांबर गोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थलीन. तिच्या उग्र वासाखाली बुटाचा वास दबतो, पण बुटातली ओल आणि जंतू जिथल्या तिथे राहतात. बंद खोलीत, वीस-पंचवीस मुलं झोपलेली असताना ती वाफ रात्रभर हुंगणं चांगलं नाही. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटू शकतात, आणि आपल्याला ती कमतरता आहे हे कित्येकांना माहीतही नसतं. गोळ्या मी त्याच दिवशी काढायला लावल्या.

बूट बादलीत रात्रभर भिजवून कपड्याच्या पावडरने धुतले. जुलैत ते वाळणार कधी? दुसऱ्या पहाटे ओलेच घालून तो धावला. पावडर नीट निघाली नव्हती, फोममध्ये साबण राहिला, घोट्याला खाज सुटली. वास दोन दिवस कमी झाला आणि मग पूर्वीपेक्षा वाढला.

व्हिडिओ बघून एकाने बूट पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं सुचवलं. स्वयंपाकाच्या मावशींनी साफ नकार दिला, आणि त्यात त्याचं काही नुकसान झालं नाही. घरच्या फ्रीजरच्या थंडीने जंतू बहुतांशी मरत नाहीत, नुसते गारठून स्वस्थ बसतात. बूट पायात घालून गरम झाले की त्यांचं काम पुन्हा सुरू.

शेवटचा उपाय जास्त घातक होता. बोटांमध्ये खाज म्हणून त्याने मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, एक ट्यूब आणली होती. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड असं सगळं एकत्र असलेली. स्टिरॉइडमुळे खाज पटकन थांबते, म्हणून माणूस खूश होतो. पण आतली बुरशी त्याने आणखी पसरते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. गजकर्णाचे हट्टी रुग्ण हल्ली दवाखान्यात सतत दिसतात, त्यामागे या ट्यूबांचा मोठा हात आहे.

तपासणीत काय दिसलं

बूट बाजूला ठेवायला सांगितले आणि आधी पाय पाहिले. तळवे पांढरट, सुरकुतलेले, दमट. टाचेवर आणि चवड्यावर, म्हणजे वजन पडतं तिथे, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे. काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळून वेडीवाकडी नक्षी झालेली. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, फुगलेली, सोलवटलेली. या दुसऱ्या भागाला आपण चिखल्या म्हणतो, आणि शेतात राबणाऱ्या प्रत्येक घराला त्या ठाऊक आहेत. पहिला भाग मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्याला पिटेड केरॅटोलायसिस म्हणतात. सतत ओल्या राहणाऱ्या तळव्यावर काही जंतू वाढतात आणि कातडीचा वरचा थर विरघळवून खड्डे पाडतात. दुखत फारसं नाही, पण वास भयंकर येतो. पायात दिवसभर बूट असणाऱ्या सैनिकांमध्ये आणि खेळाडूंमध्ये हा त्रास नेहमीचा.

घामाला स्वतःला जवळजवळ वास नसतो; तो पाणी आणि मीठ. तळव्याला घामाच्या ग्रंथी अंगावर इतर बहुतेक ठिकाणांपेक्षा दाट असतात, आणि बुटात त्या घामाला बाहेर पडायला वाट नसते. ओलाव्यात मऊ झालेली मृत कातडी आणि घामातले घटक जंतू खातात. ल्युसीन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, तोच तो आंबट कुजका वास. काही जंतू गंधकयुक्त वायूही सोडतात. हे सगळं पायावर घडतं, मोज्यात घडतं आणि बुटाच्या आतल्या सोलमध्येही घडतं. ओंकार पाय दोनदा धूत होता, पण धुतलेला पाय पुन्हा त्याच ओल्या बुटात जात होता.

समोर असलेले पर्याय

सरांचं पहिलं मत होतं, बूट फेकून द्या, मी पैसे घालतो. मन मोठं, पण उपाय अर्धा. पायावरचे खड्डे तसेच ठेवून नवे बूट घातले असते तर पावसाळ्यात महिन्याभरात तेही तसेच झाले असते. शिवाय बापाने घेऊन दिलेले बूट कचऱ्यात जाणं त्या मुलाला लागलं असतं.

दुसरा पर्याय, नुसतं पायाला औषध द्यायचं. दवाखान्यात हे सगळ्यात सोपं. पण जंतूंनी भरलेला बूट तसाच राहतो आणि औषध थांबलं की मूळपदावर.

तिसरा, बूट वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे. धावण्याच्या बुटाचा मधला थर फोमचा असतो आणि सगळं डिंकावर चिकटवलेलं असतं. मशीनच्या आपटण्याने आणि ड्रायरच्या उष्णतेने तळ सुटतो. अकॅडमीत एका मुलाने चुलीजवळ बूट वाळवले होते. त्याच्या सोलने पुढून जबडा उघडला होता. ब्लीचिंगचं पाणीही नको, कापड आणि शिवण दोन्ही कुजतात.

चौथा पर्याय एका माजी विद्यार्थ्याकडून आला: त्याचा जुना जोड ओंकारने वापरावा. तो मी नाकारला. दुसऱ्याच्या घामात मुरलेल्या बुटातून बुरशी येऊ शकते, आणि एक नंबर मोठा बूट घालून १६०० मीटर मारणं म्हणजे फोड आणि पडलेली नखं.

आम्ही ठरवलं ते असं: पाय, मोजे आणि बूट या तिन्हींवर एकाच दिवशी काम सुरू करायचं, आणि बुटाला वाळायला वेळ मिळेल अशी सोय करायची. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड होती, कारण तिला औषध नाही, दुसरा जोड लागतो.

पहिला निर्णय: सांगायचं कसं

सर रोखठोक माणूस. संध्याकाळच्या फॉलिनमध्ये, म्हणजे मुलं रांगेत उभी असताना, सगळ्यांसमोर बोलतो म्हणाले, म्हणजे कुणी चिडवणार नाही. मी अडवलं. समोर उभं करून "याला आजार आहे, चिडवू नका" म्हटलं की त्या मुलाची उरलीसुरली इज्जत गेली. त्याऐवजी मी रविवारी येऊन सगळ्यांचेच पाय तपासतो, असं ठरलं. मुलं ओळीने बाकावर बसली, मोजे काढले. बऱ्याच जणांच्या बेचक्यात चिखल्या निघाल्या, काहींच्या टाचेवर तसेच खड्डे. ज्याने सगळ्यात जास्त थट्टा केली होती त्याचेही. त्या दिवसानंतर हा विषय ओंकारचा राहिला नाही, हॉलचा झाला. या प्रकरणात सगळ्यात उपयोगाची गोष्ट मला तीच वाटते.

दुसरा निर्णय: बूट वाचवायचे, आतली सोल नाही

आतली सोल बाहेर काढून वेगळी हुंगली तेव्हा बहुतांश वास तिच्यातच होता. वरचं कापड काळं पडून फाटलेलं, खालचा फोम चिकट. ती टाकून दिली आणि बाजारातून साधी नवी आणली. महाग बुटातलं स्वस्तात बदलता येणारं हे एकच अंग, आणि नेमकं तेच कुणी बदलत नाही.

बूट धुतले ते असे. लेस काढली, जीभ पूर्ण बाहेर ओढली. कोमट पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट, जुना टूथब्रश, आणि आतून घासणं, विशेषतः बोटांकडच्या टोकाला. भिजत ठेवले नाहीत. फेस संपेपर्यंत साध्या पाण्याने खंगाळले. मग टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपलं आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. बोळा ओला झाला की काढून नवा. हे करायचा कंटाळा येतो आणि पहिलाच बोळा रात्रभर तसाच राहतो. तसं झालं की तो ओला कागदच बुटात कुबट होतो. नंतर टेबलफॅनसमोर, तोंड फॅनकडे करून, बूट आडवे. पूर्ण वाळायला एक रात्र पुरली नाही, दुसऱ्या दिवशीही ठेवावे लागले.

वाळल्यावर आतून ७० टक्क्यांचं स्पिरिट फवारलं. शंभर टक्क्यांपेक्षा सत्तर टक्क्यांचं जास्त चांगलं काम करतं, कारण पाण्याच्या अंशामुळे ते लगेच उडून जात नाही आणि जंतूंची प्रथिनं नीट गोठवतं. स्पिरिट पेट घेतं. स्वयंपाकघर आणि उदबत्तीपासून लांब, उघड्यावरच फवारायचं, हे मुलांना दोनदा बजावलं.

खाण्याचा सोडा सगळ्यात शेवटी. सोडा आम्लाला मारतो, म्हणजे त्या आयसोव्हॅलेरिक आम्लाचं क्षार होतं आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास थांबतो. पण ओल्या बुटात टाकला तर त्याचा लगदा होऊन शिवणीत अडकतो. शिवाय तो जंतूंचं फारसं काही बिघडवत नाही. म्हणून आधी वाळवण, मग सोडा, आणि सकाळी झटकून काढायचा. ओंकारने जुन्या मोज्यात सोडा भरून गाठ मारली आणि रात्री तीच पुरचुंडी बुटात ठेवायला लागला. झटकायचा त्रासच नाही. आता सगळा हॉल तसं करतो. एकाने व्हिनेगर आणि सोडा एकत्र टाकू का विचारलं. दोन्ही एकमेकांना मारतात, फेस येतो आणि हातात काही राहत नाही. व्हिनेगर ब्लीचिंगमध्ये तर चुकूनही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाय आणि मोजे

ट्यूब बंद. तळव्यांना क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं लोशन सकाळ-संध्याकाळ, बेचक्यांत क्लोट्रिमाझोल या बुरशीच्या औषधाचं साधं क्रीम चार आठवडे, बरं वाटलं तरी. धुतल्यावर बोटांच्या मधून फडक्याने टिपायचं आणि ते फडकं फक्त पायांसाठी. धावून आल्यावर बूट लगेच काढायचे आणि उरलेला दिवस चप्पल. रात्री मोजे घालून झोपणं बंद. हे सांगताना त्याने मान खाली घातली, पण ऐकलं. घाम फार असेल तर ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण रात्री लावता येतं. फुटलेल्या कातडीवर ते झोंबतं, म्हणून आम्ही ते मागे ठेवलं. लागलंही नाही.

मोज्यांबाबत मुलांचा आग्रह सुतीचा होता, कारण लहानपणापासून तेच ऐकलेलं. हिंडाफिरायला सुती ठीक. पण धावताना जाड सुती मोजा घाम पिऊन घेतो आणि ओलाच राहतो. खेळाचे पातळ, नायलॉन-पॉलिस्टरचे मोजे घाम बाहेर ओढतात आणि पावसाळ्यातही रात्रीत वाळतात. दिवसाला दोन जोड, उलटे करून धुवायचे. बंबातल्या कढत पाण्यात थोडा वेळ बुडवून मग साबण. बंब तिथे रोज पेटतोच, त्यामुळे वेगळा खर्च नाही.

तिसरा निर्णय: दुसरा जोड

इथे अडलं. सरांनी पैसे देऊ केले, ओंकारने घ्यायला नकार दिला. शेवटी तोडगा त्यानेच काढला. संध्याकाळच्या गोळाफेकीला आणि उड्यांना महागड्या धावण्याच्या बुटांची गरज नाही. तालुक्याच्या बाजारातला स्वस्तातला साधा कॅनव्हासचा जोड चालतो. त्यासाठी त्याने घरून पैसे मागवले. चांगला जोड फक्त पहाटे. आठ वाजता तो फॅनसमोर जातो आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत त्याला जवळजवळ एकवीस तास मिळतात. मुसळधार पावसात तेही कमी पडतात, पण आधी मिळत होते ते आठ-नऊ तास, तेही खाटेखाली.

उन्हाळ्यातून आलेल्या माणसाला वाटेल, उन्हात ठेवा की. ऊन असेल तेव्हा तासभर जरूर ठेवावं. पण जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे आठवडाआठवडा ऊन पडत नाही, त्यामुळे सगळी भिस्त फॅनवर. वीज गेली की व्हरांड्यातल्या तारेवर, पागोळ्यांपासून लांब.

काय झालं

वास पहिल्या आठवड्यातच बराच उतरला. तळव्यांवरचे खड्डे भरायला तीन-चार आठवडे लागले. चिखल्यांना त्याहून थोडं जास्त. खाट पुन्हा जागेवर आली. घरी जायचा विषय निघाला नाही.

गणपतीला मात्र घरी गेला आणि परत येताना ओले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून एसटीतून आणले. पिशवी उघडली तर तोच वास. पाय पाहिले, ते स्वच्छ होते, म्हणून औषध दिलं नाही. बूट धुतले, वाळवले, स्पिरिट मारलं, मिटलं. पहिल्या वेळी पायाकडे कुणी पाहिलं नव्हतं आणि बुटावर मारा चालला होता. या वेळी आधी पाहिल्यामुळे काम एका दिवसाचं झालं.

अकॅडमीत सरांनी व्हरांड्यात जाळीचं रॅक बसवून घेतलं आणि एक जुना पंखा त्याच्यासमोर लावला. खाटेखाली बूट ठेवायला बंदी.

वेगळं काय करता आलं असतं

बूट व्हरांड्यात ठेवायला लावले त्या दिवशीच पाय बघायला हवे होते. मधले दिवस डांबर गोळ्यांत आणि त्या ट्यूबमध्ये गेले, आणि मुलगा एकटा पडला तोही याच दिवसांत. वसतिगृहात पायांची तपासणी जूनमध्ये, पहिला पाऊस पडायच्या आधी, सगळ्यांची एकदम व्हावी. टॉर्च आणि दोन मिनिटं लागतात. खड्डे कोरड्या पायावर नीट दिसत नाहीत, म्हणून पाय आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवून मग पाहावेत.

बूट पहिल्यांदा धुतले तेव्हा बादलीत भिजवण्याऐवजी नुसती आतली सोल काढून धुतली असती तरी निम्मं काम झालं असतं.

मेडिकलवाल्यांशी मी बोललो. चिठ्ठीशिवाय ती ट्यूब देऊ नका, मुलांना माझ्याकडे पाठवा, तपासणीचे पैसे घेणार नाही, असं सांगितलं. एकाने मान्य केलं, दुसऱ्याने हो म्हणून देणं चालू ठेवलं. त्याचं काय करायचं ते अजून ठरायचं आहे.

आणि पैशाचा प्रश्न. अकॅडमीच्या प्रवेशाच्या यादीत आता "बुटांचे दोन जोड, मोज्यांचे चार" असं लिहिलेलं असतं. ज्याच्या घरी एका जोडासाठीच उसाच्या बिलाची वाट पाहावी लागते त्याने दुसरा कुठून आणायचा? सरांनी वर्गणीतून काही साधे कॅनव्हासचे जोड आणि नव्या आतल्या सोली ऑफिसात आणून ठेवल्या आहेत. मागायला मुलं लाजतात, म्हणून यंदा तपासणीच्या वेळीच, पाय बघता बघता, मी नंबर विचारून घेणार आहे.